पुण्यात वेगवान गाडी हळू कशी चालवायची

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी, पेढे वाटायच्या आधीच, सोसायटीच्या रॅम्पवर तिचा पुढचा बंपर खालून घासला. आवाज असा झाला की पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीत आले आणि वॉचमन हातातला मोबाईल ठेवून उठला. "ताई, ही गाडी आपल्या रॅम्पची नाही," तो म्हणाला. वर्षभरानंतर सांगते, तो बरोबर होता. गाडी मात्र अजून आहे आणि रॅम्पही तोच आहे.

आधी गाडीची ओळख. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सात गिअरचा डबल क्लच, सगळी ताकद पुढच्या चाकांना, १८ इंची अलॉय. चार वर्षं वापरलेली, मुंबई पासिंगची सेडान. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्यात नाव घेतलं की मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि "त्यापेक्षा अमुक का नाही घेतली" सुरू होतं.

राहायला बावधन, नोकरी हिंजवडीत. वर्षात ९,४०० किलोमीटर झाले. त्यातले घाटाचे आणि हायवेचे जेमतेम दोन हजार. उरलेले सूस खिंड, बाणेर, वाकड या रांगेत गेले. म्हणजे सात सेकंदांच्या आत शंभर गाठणारी गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ वीसच्या वेगाने चालते. नवीन माणूस वेगाची धास्ती घेतो आणि गाडी खराब करून ठेवतो ती हळू चालताना. म्हणून या लेखात वेगाबद्दल कमी आणि रॅम्प, खड्डे, रांगा यांच्याबद्दल जास्त आहे.

१. टोकन देण्याआधी रॅम्प बघा

टेस्ट ड्राइव्ह नेहमी गुळगुळीत रस्त्यावर होते. तुम्ही गाडी तुमच्या पार्किंगमध्ये न्यायला सांगा. विकणारा कुरकुर करेल, करू द्या.

सोबत एक माणूस घ्या. त्याने रॅम्पच्या बाजूला उकिडवं बसून बघायचं. घासायच्या जागा दोन असतात. उतार संपून सपाट फरशी लागते तिथे पुढचा बंपर टेकतो आणि उतार सुरू होतो त्या उंचवट्यावर पोट टेकतं. सरळ उतरताना घासत असेल तर तिरकं उतरून बघा, म्हणजे एका वेळी एकच चाक उतरेल. रॅम्पला तेवढी रुंदी नसेल तर तळाशी रबरी पाचर बसवून घेता येते. आमच्याकडे त्यासाठी कमिटीच्या तीन मीटिंग झाल्या. पहिलीत "आमच्या गाड्या तर उतरतात" हा ठराव जवळपास मंजूर झाला होता.

यांत्रिक पार्किंग असेल तर त्याच्यावरची पाटी वाचा. प्लॅटफॉर्मवर चालणारं वजन, उंची आणि रुंदी तिथे लिहिलेली असते. रुंद टायरची रिम प्लॅटफॉर्मच्या लोखंडी कडेला हमखास खरवडते.

स्पीडब्रेकरचंही इथेच सांगून टाकते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल पाठीचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. तसा असेल तर कुठलीही गाडी त्यावरून आरामात जाते. आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर रात्रीतून उगवतात आणि त्यांची उंची ज्याच्या घरासमोर आहेत त्याच्या रागावर ठरते. ब्रेक आधीच मारा. पुढचं चाक वर चढतं त्या क्षणी पाय सोडलेला हवा. ब्रेक दाबलेला असला की नाक खाली जातं आणि नेमकं तेव्हाच घासतं. हे अंगवळणी पडायला मला दीड महिना लागला.

२. कागद

गाडी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या आरटीओची असेल तर नंबर तोच राहतो आणि नवा रोड टॅक्स लागत नाही. दुसऱ्या राज्यातली स्वस्त गाडी मिळतेय म्हणून हुरळून जाऊ नका. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीचा एकरकमी कर १३ टक्के आहे. वापरलेल्या वर्षांची सूट धरूनही आकडा मोठा होतो आणि आधीच्या राज्याकडून परतावा मिळवायला वेगळे खेटे घालावे लागतात.

जवळ ठेवायचे कागद:

- मूळ आरसी
- फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह
- आधीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८
- आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५
- चालू विमा आणि पीयूसी
- तुमचा पत्त्याचा पुरावा आणि पॅन
- चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा

इथे तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवरचा बोजा उतरवलेला नसतो. दुसरं, थकलेली ई-चलनं. गाडीच्या नंबरवर ती ऑनलाइन दिसतात, पैसे देण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. अशा गाड्यांवर वेगाची चलनं असतातच. माझ्या गाडीवर अकरा निघाली, ती किमतीतून वळती केली. तिसरं, १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवलेली आहे ना ते तपासा.

३. विमा

विकणारा म्हणेल, विमा आठ महिने आहे, काळजी नको. काळजी करा. हस्तांतरण झाल्यापासून १४ दिवसांत विमा तुमच्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो आणि त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. त्यामुळे फरक भरावा लागतो. उलट तुमच्या जुन्या गाडीवर बोनस साठला असेल तर तो तुम्ही इकडे आणू शकता. ते सर्टिफिकेट जुनी गाडी विकतानाच मागून घ्या.

१५०० सीसीवरच्या खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात ७,८९७ रुपये आहे, जीएसटी वेगळा. ते सोडा, खरा खर्च वरून घ्यायच्या ॲड-ऑन कव्हरांचा. झिरो डेप (क्लेममधून सुट्या भागांची घट कापत नाहीत) घ्याच, इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन गेलं तर) घ्याच, टायर-रिमचं कव्हर मिळत असेल तर तेही. मी शेवटचं घेतलं नव्हतं. पुढचा मुद्दा त्याचाच.

४. टायर

या गाड्यांचा कमकुवत भाग कुठला असं मला विचारलं तर इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही. रिम आणि रस्ता यांच्यामधलं रबर. माझा टायर २२५/४० आर १८ आहे. म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर आणि बाजूची भिंत त्याच्या ४० टक्के, फक्त ९० मिलिमीटर. साध्या सेडानच्या २०५/५५ आर १६ टायरची भिंत सुमारे ११३ मिलिमीटर असते. हे सव्वादोन सेंटिमीटर खड्ड्यात गेल्यावर कळतात.

मला ते जुलैमध्ये कळले, वाकडच्या अलीकडे, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात. गाडी चालत राहिली, म्हणून मीही चालवत राहिले. तीन दिवसांनी पंक्चरवाल्याने हवा भरताना टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दाखवला. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. आतले धागे तुटलेले असतात, तो केव्हाही फुटू शकतो. रिमही वाकली होती. ती सरळ करून मिळाली, पण सरळ करणाऱ्याने आधी तडा बघितला. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा.

आता मी काय करते ते सांगते. हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने बघते. छोटा कॉम्प्रेसर डिकीत असतो. पंपावरचा मुलगा प्रत्येक गाडीला "पस्तीस मारू का?" विचारतो. तुमचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला आहे, तोच खरा. आराम मिळावा म्हणून हवा कमी ठेवू नका. कमी हवेच्या टायरमध्ये खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आणखी एक रस्ता आहे, तो मी या पावसाळ्याआधी धरणार आहे: १७ इंची चाकं. २२५/४५ आर १७ टायरचा एकूण व्यास माझ्या १८ इंचीपेक्षा फक्त तीन मिलिमीटरने कमी पडतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. भिंत मात्र १०१ मिलिमीटर होते. कंपनीनेच तुमच्या मॉडेलला ती साईज दिली आहे का आणि ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) त्या रिममध्ये मावतो का, हे दोन्ही आधी तपासा. मित्रमंडळी म्हणतील, गाडीचा रुबाब गेला. त्यांना टायरचं बिल दाखवा.

जुना टायर घेताना किंवा जुन्या गाडीचे टायर बघताना बाजूवरचे चार आकडे वाचा. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. माझ्या गाडीला चारपैकी दोन टायर वेगळ्या वर्षांचे निघाले, तिथेच भाव करायला हवा होता. केला नाही.

५. रांगेत डबल क्लच

ही गाडी ऑटोमॅटिकसारखी दिसते, पण आत क्लचच्या दोन जोड्या आहेत आणि त्या तुमच्याऐवजी संगणक दाबतो. त्यामुळे जुन्या मॅन्युअल गाडीवर अर्धा क्लच धरून सरकायची जी खोड आपल्याला होती, तीच खोड ही गाडी तुमच्या वतीने करते. ब्रेक हलकासा सोडून इंच-इंच पुढे सरकलात की क्लच घासत राहतो आणि तापतो. कोरड्या क्लचच्या गाड्यांना याचा त्रास जास्त, ऑईलमधल्या क्लचला कमी, पण होतो दोघांनाही.

उपाय सोपा आहे आणि पुण्यात तो पाळणं फार अवघड. पुढच्या गाडीशी अंतर पडू द्या. दोन गाड्यांची जागा झाली की एकदम पुढे जा आणि पूर्ण थांबा. थांबल्यावर ब्रेक नीट दाबून ठेवा, म्हणजे क्लच सुटतो. थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारं ऑटो होल्ड असेल तर चालू ठेवा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका.

त्या दोन गाड्यांच्या जागेत चार दुचाकी, एक रिक्षा आणि उलट्या दिशेने येणारा एक टेम्पो घुसणार. घुसू द्या. पहिले दोन महिने माझा जीव वर-खाली व्हायचा, मागचा हॉर्न वाजवायचा. मग घड्याळ लावून बघितलं. जागा सोडून चालवलं तर बावधन ते हिंजवडी तीन-चार मिनिटं जास्त लागतात. क्लचच्या जोडीचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं.

इंजिन बंद-चालू करणारं स्टार्ट-स्टॉप मी गाडीत बसल्या बसल्या बंद करते. भर उन्हात रांगेत एसी बंद पडलेला कुणाला हवाय?

६. पेट्रोल आणि ऑईल

झाकणाच्या आत किमान ऑक्टेन लिहिलेलं असतं. ९५ लिहिलं असेल तर ९५ घाला. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये ज्या पहिल्या दहा शहरांत आलं त्यात पुणं होतं. मी ते दोनदा भरून पाहिलं. इंजिन ९५ साठी बांधलेलं असताना १०० घालून मला सांगण्यासारखा फरक जाणवला नाही, फक्त खिशाला जाणवला.

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे. तुमची गाडी ई२० साठी आहे की ई१० साठी, हे झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये बघा. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर विशेष लक्ष द्या, कारण इथेनॉल ओलावा ओढून घेतं.

ऑईलची पट्टी महिन्यातून एकदा बघा. पट्टी नसेल तर स्क्रीनवर पातळी दिसते. टर्बो इंजिन थोडं ऑईल खातं. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खपणं चालतं असं लिहिलेलं असतं. नवीन माणूस सर्व्हिसपर्यंत बॉनेट उघडतच नाही, हीच चूक. आणि ऑईल "चांगल्या कंपनीचं" असून पुरत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेला मान्यता क्रमांक डब्यावर छापलेला हवा.

घरी पोचल्यावर इंजिन बंद केलं तरी पंखा मिनिट-दोन मिनिटं घुमत राहतो. टर्बो थंड करायला गाडी ते स्वतःहून करते. आमचा वॉचमन पहिले पंधरा दिवस रोज इंटरकॉमवर सांगायचा, "ताई, गाडी चालूच राहिलीय."

७. पावसाळा

पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑईल वर येतं आणि मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा साबणासारख्या होतात. पुढच्या चाकांना साडेतीनशे न्यूटन मीटर ताकद असलेली गाडी तिथे जागेवर चाक फिरवते. चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू नका, पाय मऊ ठेवा. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत कायद्याला चालतात. मला ३ च्या खाली गेलेला टायर पावसात नको वाटतो.

साचलेल्या पाण्यात शिरायचं की नाही, हे पुढच्या गाडीवरून ठरवू नका. ती एसयूव्ही असते. आपल्या गाडीचं हवा ओढायचं तोंड पुढे, खाली असू शकतं. ते कुठे आहे, हे कोरड्या दिवशी बॉनेट उघडून बघून ठेवा. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर त्या एका प्रयत्नात इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि विमा कंपनी तेच कारण पुढे करू शकते. ढकला, टो करा, छत्री घेऊन उभे राहा.

८. उंदीर

हसू नका. बेसमेंटमध्ये गाडी आठवडाभर उभी राहिली की उंदीर इंजिनापाशी येतात आणि वायरी कुरतडतात. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचा हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, गेला. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, जाळी, सगळं करून पाहिलं. गाडी दोन दिवसांआड हलवणं हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय. बॅटरीही त्यामुळे टिकते.

९. घाट

शेवटी गाडी ज्यासाठी घेतली ते. ताम्हिणीला जायचं असेल तर रविवार सोडा. मधल्या वारी पहाटे साडेपाचला चांदणी चौक सोडा, पिरंगुट, पौड मागे टाका, मुळशीचं पाणी उजाडताना दिसतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिकडे फिरकू नका. धुकं, सेल्फी काढणारे आणि वळणावर उभ्या केलेल्या गाड्या.

निघाल्यावर पहिली दहा मिनिटं गाडी सावकाश चालवा, ऑईल तापू द्या. पाण्याचा काटा मधे आला म्हणजे ऑईल तापलं असं नाही, त्याला वेळ लागतो. उतारावर स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घ्या, ब्रेकवर पाय टाकून बसू नका. ब्रेकचं ऑईल हवेतला ओलावा पितं आणि मग तापल्यावर पेडल मऊ पडतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचंच. आधीच्या मालकाने बदललंय का, हे बिलावर बघा, तोंडी विश्वास नको.

एक्स्प्रेसवेवर कारला शंभरची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी, आणि कॅमेरे पावलोपावली. कायद्यात हलक्या वाहनाला वेगासाठी हजार ते दोन हजार दंड आहे. माझी दोन चलनं आली, दोन्ही उतारावर, दोन्ही वेळा मला आपण हळूच चाललोय असं वाटत होतं. या गाड्यांत वेग कळत नाही. क्रूझ कंट्रोल लावा.

१०. सर्व्हिस आणि "स्टेज वन"

पुण्यात यासाठी माणसं मिळतात, हे आपलं नशीब. वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय, चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना, रांजणगावला फियाटने २०१५ मध्ये अबार्थ पुंटो ही वेगवान हॅचबॅक बांधली. या उद्योगात शिकलेले काही जण स्वतःची गॅरेजं काढून बसले आहेत. वॉरंटी असेपर्यंत कंपनीचं सर्व्हिस सेंटर, नंतर बाहेरचा माहीतगार, असं मी ठरवलंय. एका सर्व्हिस सेंटरने मला न विचारता "इंजिन क्लीनिंग" बिलात घातलं. तेव्हापासून कामाची यादी लिहून देते आणि "याव्यतिरिक्त काम फोन करून" अशी ओळ टाकून सही घेते.

इंजिनाच्या संगणकाचं प्रोग्रामिंग बदलून ताकद वाढवून देणारेही लगेच भेटतील, त्यालाच "स्टेज वन" म्हणतात. पहिल्या वर्षी नाही म्हणा. वॉरंटी जाते आणि वाढलेली ताकद वाकडच्या सिग्नलला वापरणार कुठे? आवाजाचा सायलेन्सर तर मुळीच नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ रचनेत असा फेरबदल चालत नाही.

११. वर्षाचा हिशोब

पेट्रोल साधारण १ लाख १५ हजार, शहरात आठचं आणि हायवेवर तेराचं अ‍ॅव्हरेज धरून. विमा ६२ हजार. सर्व्हिस ३१ हजार. दोन टायर ३४ हजार, कारण एक फुगला की जोडीचाही बदलावा लागला. रिम साडेतीन हजार. चलनं वेगळी. हप्ता यात नाही.

१२. चावी दुसऱ्याला देताना

पेठांमध्ये सम-विषम तारखांचं पार्किंग असतं, पी१ आणि पी२ च्या पाट्या बघून लावा आणि फूटपाथला नाक टेकवू नका. त्यापेक्षा मी तिकडे रिक्षाने जाते.

हॉटेलात व्हॅलेला चावी देत नाही, स्वतः लावते. गॅरेजला देताना किलोमीटरचा फोटो काढते आणि डॅशकॅम चालू ठेवते. नातेवाइकांचं अवघड असतं. मामेभाऊ आला की "एक चक्कर मारून आणतो गं" म्हणतोच. नाही म्हणवत नाही. मी त्याला इतकंच सांगते, आधी बेसमेंटमध्ये उतरून दाखव, आवाज न करता. वॉचमन आता स्वतःच उकिडवा बसून बघतो आणि हाताने "तिरकी, तिरकी" करतो. आजवर दोन भाऊ रॅम्पवरूनच परत आले.